घोडा एक दिवस दुसऱ्याकडे सोपवताना फोनवर किती विसंबायचं?

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. आम्ही सगळे नाशिकला एका लग्नात होतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. घोडी उभी आहे, पुढ्यात कडबा, बाजूला काठोकाठ भरलेली बादली. खाली मेसेज: 'सगळं ओके'. घोडी शहाद्याजवळच्या गावी, म्हणजे आमच्यापासून पाच तासांच्या रस्त्यावर. तिच्याकडे बघायला शेजारच्या वस्तीवरचा एक ओळखीचा माणूस ठेवला होता, दिवसाचे ७०० रुपये ठरवून. पैसे मीच सकाळी यूपीआयने पाठवले होते, कारण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी.

मी म्हटलं, "बघा मामा, तुम्ही उगाच काळजी करत होता."

मामांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हा फोटो सकाळचा आहे."

गोठ्याचं दार पूर्वेला आहे. फोटोत दारातून ऊन आत आलं होतं, थेट घोडीच्या पुढच्या पायांपर्यंत. दुपारी चारला त्या दारातून ऊन येणं शक्यच नाही. मी पाच वर्षं कोड लिहितोय, लोकांच्या डेटातल्या चुका शोधणं हे माझं काम. आणि ही चूक पकडली ती आठवी शिकलेल्या मामांनी.

पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी मुद्दा. घोडा एक दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ अनेकांवर येते. वरातीसाठी घोडी पाळणारे, हौसेने एखादं जनावर ठेवणारे, सारंगखेड्याच्या जत्रेतून नुकताच पहिला घोडा घेतलेले. आणि हल्ली आपल्याला वाटतं की हातात फोन आहे, म्हणजे लक्ष राहील. फोन बरंच काही करतो, पण फोन नेमकं काय दाखवतो आणि काय दाखवल्याचा भास करतो, हा फरक समजून घ्यायला हवा.

घोड्याचा एक दिवस छोटा नसतो

कुत्र्याला किंवा मांजराला सकाळी खायला घालून संध्याकाळी परत आलात तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. घोड्याचं तसं नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं असतं. निसर्गाने त्याला दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी बनवलंय. चाऱ्याचं खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं, तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यामुळे खाणं अचानक बदललं, एकदम खूप दाणा दिला किंवा सुक्या चाऱ्यावर पाणीच मिळालं नाही, की पोट बिघडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार, नाहीतर अडकणार.

या पोटदुखीला पोटशूळ म्हणतात. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, खाणं सोडतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो. लीद पडणं थांबतं. काही वेळा हे औषधाने उतरतं, काही वेळा आतड्याला पीळ पडतो आणि घोडा काही तासांत जातो. म्हणजे 'एकच तर दिवस आहे' हे वाक्य घोड्याच्या बाबतीत बोलूच नये.

मोजता येतील असे काही आकडे फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. आरामात असलेल्या मोठ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. श्वास मिनिटाला ८ ते १६. ताप नसेल तर अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात किंवा कामावर असेल तर आणखी. लीद दिवसातून आठ-बारा वेळा. श्वास मोजायला फोनचं स्टॉपवॉच पुरतं. कुशीची हालचाल तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा.

यातले दोन आकडे कुणीही, शिकलेला असो वा नसो, काही उपकरण न वापरता सांगू शकतो. बादली किती रिकामी झाली आणि लीद किती वेळा पडली. आमच्या 'सगळं ओके'मध्ये नेमके हे दोनच नव्हते.

फोटो का पुरत नाही

फोनने फोटो काढला की चित्रासोबत काही माहितीही त्या फाइलमध्ये साठते. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, परवानगी दिली असेल तर ठिकाणसुद्धा. याला मेटाडेटा म्हणतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती गळून जाते. तुम्हाला दिसते ती मेसेज आल्याची वेळ. फोटो काढल्याची नाही. सकाळी साडेसातला काढून ठेवलेला फोटो दुपारी गॅलरीतून उचलून पाठवला तर त्यावर 'फॉरवर्डेड'सुद्धा लिहून येत नाही, कारण ते लेबल दुसऱ्या चॅटमधून पुढे ढकललेल्या मेसेजलाच लागतं.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, मेटाडेटासकट. पण खरं सांगू का, शेतात उभ्या असलेल्या माणसाला 'काका, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हे समजावण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात घोड्याला पाणी पाजून होतं. शिवाय मेटाडेटा बदलताही येतो. दिवसभर पोलिसगिरी करायची असेल तर मुळात माणूसच चुकीचा निवडलाय.

त्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा, दोन मिनिटांचा. आणि घोड्याचा चेहरा बघत बसू नका. चेहरा सगळ्यांनाच बघायचा असतो, त्यातून कळत काहीच नाही. सांगायचं, कॅमेरा आधी बादलीत दाखवा. मग जमिनीवर, लीद कुठे पडलीय. मग कुशीकडे. मग चारही पाय. नेट मंद असेल तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ मागवा, पण त्यात आत्ताचं काहीतरी असू दे. मामांनी यासाठी साधी युक्ती काढलीय. बादलीच्या आतल्या बाजूला रंगाने तीन रेघा मारल्यात. व्हिडिओत पाणी कोणत्या रेघेवर आहे ते दाखवायचं आणि तोंडाने बोलायचं, 'तीन वाजले, दुसरी रेघ'. काठोकाठ भरलेली बादली ही खरं तर शंकेची गोष्ट आहे. भरलेली आहे म्हणजे एक तर नुकतीच भरली, नाहीतर घोडी प्यायलीच नाही.

टॅग, लोकेशन आणि कॅमेरा

मला पहिल्यांदा सुचलं ते अर्थातच गॅजेट. ते का जमलं नाही तेही सांगतो.

एअरटॅगसारखे छोटे टॅग घोड्याच्या मोहरक्याला बांधायची कल्पना आकर्षक वाटते. पण त्या टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो ब्लूटूथवर हाक मारत राहतो आणि आसपासून जाणारे इतर लोकांचे फोन ती हाक ऐकून जागा कळवतात. मुंबईच्या लोकलमध्ये हे झकास चालतं. ज्या शिवारात दोन किलोमीटरमध्ये एकही आयफोन नाही, तिथे हाक ऐकणार कोण? कंपनीसुद्धा हा टॅग वस्तूंसाठी आहे, पाळीव जनावरांसाठी नाही, असंच सांगते. सिमवाला जीपीएस ट्रॅकर वेगळा, तो रेंज असेल तिथे चालतो. घोडा सुटून जाण्याची भीती असेल तर तो कामाचा. पण आमची घोडी कुठे गेलीच नव्हती. ती जागच्या जागी आजारी पडली होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं. त्यातून सांभाळणाऱ्याचा फोन कुठे आहे ते कळतं. माणूस फोन गोठ्यात चार्जिंगला लावून शेतात गेला असेल तर नकाशावर सगळं छान दिसणार.

राहिला कॅमेरा. जुना फोन गोठ्यात लावून त्याचा सीसीटीव्ही करता येतो, त्यासाठी ढीगभर अ‍ॅप आहेत. पण गणित करा. बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओ सतत पाठवायला सेकंदाला १ मेगाबिट धरू. तासाचे ३,६०० मेगाबिट, म्हणजे ४५० एमबी. चोवीस तासांचे जवळपास ११ जीबी. तुमच्या पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी असेल तर चार तासांत खेळ खलास. त्यात वीज गेली की वायफाय गेलं. मग हालचाल झाली तरच अलर्ट येईल असं सेटिंग करावं म्हटलं, तर घोडा शेपटीने माशा हाकलतो तेवढ्यानेही अलर्ट. आणि आपल्याला भीती असते ती नेमकी हालचाल थांबण्याची किंवा वेगळ्या प्रकारच्या हालचालीची. 'घोडा आडवा झाला की कळव' असं करू म्हणाल, तर घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं असलं तरी गाढ झोपेसाठी तो थोडा वेळ आडवा होतोच. त्या प्रत्येक वेळी लग्नाच्या मांडवातून तुम्ही धावत बाहेर याल.

तरीही कॅमेरा लावायचाच असेल तर वायर घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवा. चावायला त्यांना काहीही चालतं. आणि सांभाळणाऱ्याला कॅमेरा आहे हे आधी सांगा. गुपचूप लावलेला कॅमेरा त्याला दिसला, की दुसऱ्या दिवसापासून तो तुमचं काम करणार नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

पैसे कधी आणि कसे द्यायचे

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आपल्याला सवय लागली की पैसे देणं म्हणजे दोन सेकंदांचं काम. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्ही पिन टाकला की पैसे लगेच समोरच्याच्या खात्यात जातात आणि तिथेच विषय संपतो. व्यवहार अडकला, पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, याची तक्रार अ‍ॅपमध्ये करता येते. 'पैसे पोचले पण काम नीट झालं नाही' ही तक्रार पेमेंटची नाहीच. मध्ये कुणी पैसे धरून ठेवणारा नाही. आयपीओला अर्ज करताना तुम्ही पाहिलं असेल, पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक होतात आणि शेअर मिळाले तरच जातात. घोडा सांभाळण्यासाठी अशी सोय असती तर काय हवं होतं! पण दोन ओळखीच्या माणसांच्या रोजच्या देवाणघेवाणीत आपण ते वापरत नाही.

मग साधा उपाय, पैसे तोडून द्या. सगळे आधी नाही आणि सगळे नंतरही नाही. सगळे नंतर देतो म्हटलं की समोरच्यालाही वाटतं, हा परत आल्यावर काहीतरी खुसपट काढून पैसे कापणार. आम्ही आता एक तृतीयांश आदल्या संध्याकाळी देतो, जेव्हा तो माणूस येऊन घोडी बघून जातो आणि एकदा आमच्यासमोर पाणी-चारा करतो. उरलेले घोडी परत ताब्यात घेताना. पेमेंटच्या नोटमध्ये 'घोडी सांभाळणे, १४ फेब्रु., पहिला हप्ता' असं लिहितो. वाद झाला तर स्टेटमेंटमध्ये दिसतं.

दुसरा खर्च अचानक येणारा. डॉक्टर, औषध, टेम्पो. हा सांभाळणाऱ्याच्या खिशातून निघेल असं धरू नका. यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आली. तिच्यात तुमच्या खात्यातून दुसऱ्या माणसाला पैसे देता येतात. एका प्रकारात प्रत्येक वेळी मंजुरी तुम्ही स्वतःच्या पिनने देता. दुसऱ्यात त्याला महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत मोकळीक मिळते. घरच्या मुलासाठी ठीक आहे. एका दिवसाच्या माणसासाठी मी ती मोकळीक देणार नाही. डॉक्टरांचा क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि तुम्ही पैसे पाठवा, काम झालं. एकच लक्षात ठेवा, फोन बदलून यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तर पहिले २४ तास साधारणपणे ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. आदल्या दिवशी नवीन फोन घेऊन मिरवत गावाला जाऊ नका.

आणि हो, 'घोडा सांभाळायला माणूस पाहिजे' अशी पोस्ट सोशल मीडियावर टाकलीत की फसवणारेही येतात. कुणी स्वतःला सैन्यातला सांगतो, कुणी मोठ्या रायडिंग क्लबचा. 'तुम्हाला डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमचे गेले. घोड्याच्या मोहात हे विसरायला होतं, म्हणून परत सांगितलं.

शहरात कुत्र्या-मांजरांना सांभाळणारे अ‍ॅपवर मिळतात, त्यांना चार-पाच स्टारही असतात. ते स्टार घोड्याला लागू नाहीत. लॅब्राडॉरला छान फिरवणारा माणूस घोड्याच्या मागे नेमका कुठे उभं राहू नये हे जाणतोच असं नाही. ओळखीतला मोतद्दार, घोडेवाला, रायडिंग स्कूलमध्ये काम केलेला मुलगा शोधा. त्याला दोन प्रश्न विचारा: घोडा लोळायला लागला तर काय कराल? आणि चंदी किती द्याल? दुसऱ्या प्रश्नावर 'भरपूर देतो, काळजी नको' असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा.

दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि घोडा

हे शोधताना मला गंमत वाटली. आपला भारतीय करार कायदा १८७२ चा. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात ठरावीक कामासाठी देणं, याला त्यात बेलमेंट म्हणतात. आणि ते समजावताना कायदा करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा उदाहरण घेतलंय ते घोड्याचं. त्या काळातली ती बाइकच ना.

कलम १५१ म्हणतं की ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने साधा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. कलम १५४ मधलं उदाहरण असं: एकाने दुसऱ्याला फक्त त्याने स्वतः बसण्यासाठी घोडा दिला. त्याने घरातल्या दुसऱ्याला बसू दिलं. तो जपूनच चालवत होता, तरी घोडा पडला आणि जखमी झाला. भरपाई कुणी द्यायची? ज्याने घोडा घेतला होता त्याने. दुसऱ्या उदाहरणात कलकत्त्याहून बनारसला जायला म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि नेला कटकला. तिथेही तेच.

आजच्या भाषेत सांगायचं तर सांभाळायला दिलेल्या घोड्यावर बसून पुतण्याने रील काढली आणि घोडा घसरला, तर 'अपघातच होता' म्हणून सुटका नाही. पण त्यासाठी 'स्वारी करायची नाही' हे तुम्ही स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे, आणि लेखी असेल तर उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज चालेल. फक्त त्या चॅटमध्ये २४ तासांत मेसेज गायब होण्याचं सेटिंग चालू नाही ना ते बघा.

आणि कायदा एकाच बाजूचा नाही. कलम १५० मध्ये उदाहरण आहे की घोडा दांडगा आहे हे मालकाला माहीत होतं, त्याने सांगितलं नाही, घोडा उधळला आणि बसणारा पडून जखमी झाला. तिथे जबाबदार मालक. तुमची घोडी मागून लाथ मारते, कान धरला की चावते, फटाक्यांना बिचकते, हे सगळं आधी सांगणं तुमचं काम आहे. 'सांगितलं तर तो येणार नाही' म्हणून लपवू नका.

आमचं खरं चुकलं कुठे

त्या दिवशी फोटोवरून शंका आल्यावर मामांनी फोन लावला. उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे मोटारीचा आवाज. त्याच्या शेतात दुपारी थ्री-फेज वीज आली होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं, म्हणून तो सकाळीच फोटो काढून ठेवून गेला होता. शेतीची वीज कधी येईल ती आपल्या हातात नसते, आली की माणूस धावतो. इकडे घोडीने बादली पाडली होती. सकाळपासून सुका कडबा आणि पाणी नाही. थंडीत घोडे आधीच कमी पाणी पितात.

तो परत गेला तेव्हा घोडी जमीन उकरत होती. आम्ही रात्री साडेदहाला पोचलो. तोपर्यंत जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घालून पोटात तेल सोडलं होतं, इंजेक्शन दिलं होतं. तो माणूस तिला लगामाला धरून रात्री तीनपर्यंत फिरवत होता, आमच्या पुढे एक शब्द न बोलता. पहाटे लीद पडली तेव्हा मामा ओट्यावर बसून रडले. लीद बघून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

नंतर मी आमचं चॅट वर सरकवून पाहिलं. आम्ही त्याला काय सूचना दिल्या होत्या? मामांची चार मिनिटांची व्हॉइस नोट, त्यात अर्धा वेळ लग्न कुणाचं आहे ते, आणि शेवटी 'बघ जरा घोडीकडे'. त्याने 'बघितलं'. ऑफिसमध्ये अशी रिक्वायरमेंट कुणी दिली असती तर मी दहा प्रश्न विचारले असते.

आता मामा जो मेसेज पाठवतात तो असा. आपल्या घोड्याप्रमाणे बदलून घ्या, खाण्याची मापं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

'सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७: कडब्याची एक पेंढी, सोडून टाकायची. तेव्हाच बादली बघायची, पहिल्या रेघेखाली गेली तर भरायची.
चंदी फक्त संध्याकाळी, निळा डबा एकदा, भिजवलेली. गूळ, पोळी, केळी, दुसरं काही नाही. कुणी पाहुण्याने दिलं तरी नाही.
खरारा केला नाही तरी चालेल. स्वारी नाही. बाहेर फिरवायचं नाही.
दुसऱ्या घोड्याची बादली, तोबरा वापरायचा नाही.
११ आणि ३ वाजता छोटा व्हिडिओ: बादली, लीद, कूस.
जमीन उकरते, कुशीकडे बघते, लोळते, खात नाही, चार तास लीद नाही: आधी चारा काढून घ्या, मग डॉक्टरांना फोन, मग मला. मनाने औषध नाही.
तुम्हाला जावं लागलं तर जा, पण आधी सांगा. मी दुसरा माणूस पाठवतो.'

हा मेसेज चॅटमध्ये पिन करून ठेवता येतो, २४ तासांसाठीही. म्हणजे शोधावा लागत नाही. दुसऱ्याच्या बादलीबद्दल लिहिलंय कारण घोड्यांचे काही आजार एकत्र पाण्यातून पसरतात. ग्लँडर्स तर माणसालाही होतो, आणि तो निघाला की घोडा मारावा लागतो.

डॉक्टरांचा नंबर एक नाही, दोन ठेवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री नंबर आहे. तुमच्या तालुक्यात त्यांची गाडी किती वेळात पोचते ते आधीच फोन करून विचारा. वेळ आल्यावर नंबर शोधत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

मेसेजमधली शेवटची ओळ माझी आहे. मामांचा तिला विरोध होता, त्यांना वाटलं आपण त्याला जायची परवानगीच देतोय. मला वाटतं त्या दिवशी त्याने फोटो साठवून ठेवला तो याचसाठी, की 'मला जावं लागतंय' हे सांगायला जागाच नव्हती. ७०० रुपये घेतले होते आणि गहूही वाळत होता.

फेब्रुवारीत मामांना पुन्हा एक दिवस जावं लागलं. घोडी त्याच माणसाकडे दिली. या वेळी ९०० ठरले, आणि त्याने आदल्या दिवशीच सांगितलं की दुपारी एक ते तीन त्याला शेतावर जायचंय, तेवढ्या वेळात त्याचा मुलगा बसेल. तीन वाजून पाच मिनिटांनी त्याचा स्वतःहून व्हिडिओ कॉल आला. नेट इतकं मंद होतं की चित्र बादलीवर येऊन अडकलं, पुढे सरकेना. दुसरी रेघ तेवढी दिसत होती. मागून घोडीचा कडबा चावण्याचा आवाज येत होता, करकर करकर. मामांनी फोन कानाला लावला आणि तो आवाज बराच वेळ ऐकत बसले.